पडद्याला कडी नसते

नाटक संपलं की सगळ्यात शेवटी मी येतो, आणि मी आलो की लोक खुर्चीखाली चपला शोधायला लागतात. त्यामुळे माझं म्हणणं ऐकायला आजवर कुणी थांबलेलं नाही. आज थोडं थांबा. मी पडदा आहे. एका जुन्या नाट्यगृहाचा दर्शनी पडदा, गडद तांबड्या मखमलीचा.

कापडाच्या कारखान्यामागे एक लांब शेड होती, तिथे माझा जन्म झाला. बायका जमिनीवर बसून मखमलीचे पट्टे एकमेकांना जोडत होत्या. तोंडाने सुनांबद्दल आणि दुखऱ्या गुडघ्यांबद्दल बोलत होत्या, हाताने मला शिवत होत्या. माझ्या खालच्या दुमडीत त्यांनी बारीक साखळी ओवली, वाऱ्याने मी फडफडू नये म्हणून. मखमल इतकी दाट होती की पलीकडे दिवा धरला तरी अलीकडे उजेडाचा ठिपका दिसत नव्हता.

नाट्यगृहात आलो आणि पडदेमामांच्या हाती पडलो. विंगेत उजव्या अंगाला एक जाड दोरी होती. ती ओढली की माझे दोन्ही भाग मधून फाकून दोन बाजूंना सरकायचे. मामांचं काम एवढंच. पहिली घंटा झाली की ते चहा संपवायचे, दुसरी झाली की दोरीशी उभे राहायचे, तिसरी झाली की ओढायचे. पुढेपुढे तर ते उभ्या उभ्या पेंगत असायचे, पण तिसरी घंटा चुकली नाही.

"घंटा कानात आणि दोरी हातात. मधे डोकं नाहीच," मामी म्हणायच्या. मामी म्हणजे त्यांची बायको. त्या नाट्यगृह झाडायच्या, आणि अधूनमधून मामांनाही झाडायच्या.

माणसांच्या सवयी मी फार जवळून पाहिल्या. तिसऱ्या घंटेनंतरच लोकांना खोकला आठवतो. आणि मी उघडायला लागलो की टाळी पडते. आत अजून कुणी काही केलेलं नसतं, तरी पडते. ती टाळी मला माझी वाटायची. उघडणं हेच माझं खरं काम, मिटलेला असतो तेव्हा मी नुसती वाट पाहत असतो, अशी माझी समजूत होती.

मग एका वर्षी डोंगर खचला.

गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कडेने घरांची एक रांग होती. पाणी मुरून मुरून कड सैल झाली आणि एका सकाळी तिचा मोठा लचका खाली आला. काही घरं गेली, काही माणसं गेली. जी घरं उभी राहिली त्यांच्या भिंतींना भेगा पडल्या. तिथे राहायचं नाही असा हुकूम निघाला आणि वरची सगळी माणसं हातात लागेल ते घेऊन खाली, सपाटीवरच्या आमच्या नाट्यगृहात आली.

खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या गेल्या. सतरंज्या पसरल्या. मेकअपच्या खोलीत आजाऱ्यांची सोय झाली, तिथे एक नर्सबाई येऊन बसली. नाटकमंडळी चालवणाऱ्या बाई सगळ्यांत पुढे होत्या. शिस्तीच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी कपडेपट उघडून दिला, आणि म्हणून दोन दिवस एक आजोबा सेनापतीचा अंगरखा घालून फिरत होते. रंगवलेल्या देखाव्यांच्या चौकटी बाहेर नळाशी उभ्या करून त्यांनी न्हाणीघरं केली. राजवाड्याच्या खिडकीमागे लोक अंघोळ करत होते.

"आणि लेकुरवाळ्या बायकांना रंगमंचावर घ्या," बाई म्हणाल्या. "पडदा बंद ठेवा. तेवढाच आडोसा."

अशी त्या बायकांची वस्ती माझ्यामागे झाली. त्यांत एक होती, तिला तिची सासू धाकटी म्हणायची. धाकटी सून म्हणून धाकटी. अगदी ओली बाळंतीण. नवरा दूर कुठेतरी बोगद्याच्या कामावर होता आणि रस्ता तुटल्यामुळे त्याला येता येत नव्हतं. तिला पाठीला टेकू हवा म्हणून मामांनी राजाचं प्लायवूडचं सिंहासन रंगमंचाच्या मधोमध आणून ठेवलं. ती त्यावर बसून बाळाला पाजायची.

"बघा, राणीसाहेब," सासू म्हणायची.

"राणीला ढेकूण चावत नसतील," धाकटी म्हणायची. तेव्हा ती बोलायची, हसायची.

आता चूक कशी झाली ते सांगतो. जेवणाची वर्दी द्यायला स्वयंपाकाच्या लोकांना आमची घंटा सापडली. आधी ते एकदाच वाजवत. एका दुपारी भात निवायला लागला आणि लोक काही उठेनात, म्हणून वाढप्याने पुन्हा वाजवली. थोडं थांबून आणखी एकदा.

मामा विंगेत भिंतीला टेकून बसले होते. सकाळपासून गाद्या वाहून त्यांचा डोळा लागला होता. तिसरी घंटा कानात शिरली आणि हात दोरीवर गेले.

मी उघडलो. एका दमात, झोकात, जसा आयुष्यभर उघडत आलो तसा.

समोर भरलं नाट्यगृह, प्रत्येकाच्या हातात ताट. आणि मधोमध सिंहासनावर धाकटी, पदर बाजूला, मूल छातीशी. आणि मग पुढच्या सतरंजीवरच्या एका लहान मुलीने टाळी वाजवली. तिला वाटलं नाटक सुरू झालं. तिच्या टाळीला सवयीने आणखी चार टाळ्या आल्या. कुणीतरी हसलंही. त्यात कुणाचं मन वाईट नव्हतं, मी शपथेवर सांगेन. पण ती टाळी माझी नव्हती. पहिल्यांदाच कळलं की टाळी अंगावरही पडते.

मामा जागे झाले, दोरी उलटी ओढायला लागले. माझा डावा भाग नेहमीसारखा अडकला. तो सुटेपर्यंत धाकटी बाळाला घेऊन उठली आणि विंगेच्या अंधारात शिरली.

"जित्याची खोड," मामी म्हणाल्या, पण नेहमीसारखा फटका त्यात नव्हता. मामा दोरीकडे बघत राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

धाकटी पुन्हा रंगमंचावर आली नाही. खाली प्रेक्षागृहात, बायकांच्या बाजूला मागच्या भिंतीशी एका कोपऱ्यात सतरंजी टाकून, भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. बाळाला पदराखाली घ्यायची आणि मागून कुणी गेलं की दचकून काढायची. बाळ अर्धपोटी रडायचं. सासू चादर धरून उभी राहायची, पण चादर पातळ, आणि म्हातारीचे हात भरून यायचे.

"अगं धाकटे, सगळ्या आपल्याच तर बायका आहेत इथे."

"माझ्या पाठीलासुद्धा डोळे लागलेत असं वाटतं मला," ती म्हणाली. "मन दचकलं की दूधच उतरत नाही. मी काय करू?"

नर्सबाईने वाटी-चमचा दिला. बाळ चमच्याला तोंड लावेना. त्याचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. मोठ्याने रडणाऱ्या बाळापेक्षा बारीक रडणाऱ्या बाळाची काळजी जास्त, हे मी नर्सबाईच्या तोंडून ऐकलं.

आणि मग एकाएकी बाळ शांत झालं. दुपारी धाकटी धुणं धुवायला म्हणून जायची, बाळाला घेऊन, आणि परत यायची तेव्हा ते पोटभर प्यालेलं, गाढ झोपलेलं असायचं. सगळ्यांना बरं वाटलं. फक्त मामींना वाटलं नाही. केर काढता काढता त्या तिच्यापाशी थांबल्या, तिच्या केसांतून काहीतरी बोटाने उचललं आणि विंगेत मामांपाशी आल्या.

"अहो, नळावर चुना कुठून पडतो हो डोक्यात?"

मामांनी वर पाहिलं.

"धुणं कोरडं असतं तिचं. ती घरी जातेय. वरच्या घरी."

खालच्या वळणावर पहारा होता, पण मागून एक पायवाट होती. मामा त्याच वाटेने गेले. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. परत आल्यावर ते माझ्याआड बसून मामींना सांगत होते, ते ऐकलं.

घर उभं होतं. भिंतीला छपरापासून जमिनीपर्यंत भेग, हात जाईल एवढी. दार आतून बंद. मामांनी कडी वाजवली.

"कोण आहे?"

"मी. पडदेवाला."

मग ती म्हणाली, "आता काय उघडायला आलात?"

मामा म्हणाले, ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ते बोलले. "पोरी, भिंतीला भेग पडलीय. वरून माती सरकतेय. बाहेर ये."

"भेग मला दिसते, मामा. तिच्याकडे बघतच पाजते मी. पण या दाराला कडी आहे."

"अगं, जीव जाईल."

"खाली बसले तर ह्याचा जाईल. तुम्हीच सांगा कुठे बसू?"

बाळाचं पिऊन होईपर्यंत मामा उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि मग तिच्यामागून खाली आले.

आल्या आल्या त्यांनी पहिलं काम केलं ते दोरी काढून टाकण्याचं. मग सुई-दोरा घेऊन माझे दोन्ही भाग मधोमध शिवून टाकले, खालपासून हात पुरेल तिथवर. जाड, वेडेवाकडे टाके. धाकटीला आणून दाखवले.

"आता मी ओढलं तरी उघडायचा नाही."

तिने टाक्यांवरून हात फिरवला. "चांगलं शिवलंय," ती म्हणाली. "पण मामा, ते स्टेजच आहे. तिथे बसलं की समोर लोक आहेत हे मला माहीत असतं. मला स्टेज नको. खोली हवी, एवढीशी का होईना." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती धुणं घेऊन निघाली.

तेव्हा मामी जे बोलल्या ते ऐकून माझी साखळी थरथरली. त्या बाईंना म्हणाल्या, "पडदा कापू या."

बाई खुर्चीवरून उठल्या. "काय म्हणालात?"

"ह्याच्या पुष्कळ खोल्या होतील. खांबांना दोऱ्या बांधू. मखमल दाट आहे, आतलं बाहेर दिसणार नाही, खाली वजन आहे, उडणार नाही."

"मामी, मी आजवर नाही म्हटलंय कशाला? कपडे दिले. देखावे दिले. सिंहासनावर लंगोट वाळतायत, मी शब्द काढला नाही. पण पडदा गेला की हे नाट्यगृह राहत नाही. गोदाम होतं. उद्या ही माणसं घरी जातील. जायलाच हवीत. मग आम्ही काय करायचं?"

"मग त्या पोरीने काय करायचं?"

"मी समजावते तिला. माझं ऐकेल ती."

बाई चुकीचं बोलत होत्या असं मला वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी मनातून त्यांच्याच बाजूला होतो. कात्री कुणाला हवी असते?

बाई पायवाटेने वर गेल्या. बऱ्याच वेळाने परतल्या, धाकटीच्या मागोमाग. धाकटी सरळ कोपऱ्यात जाऊन बसली. बाई तशाच रंगमंचावर आल्या. त्यांच्या खांद्यावर, केसांत, चष्म्याच्या काचेवर चुन्याची पांढरी भुकटी होती. त्यांनी ती झटकली नाही.

"काय म्हणाली ती?" मामांनी विचारलं.

"काही नाही. तिने दारच उघडलं नाही. मी बाहेर दगडावर बसले." बाईंचा आवाज खणखणीत नव्हता. "ती आत बाळाशी बोलत होती. वरून माती पडत होती आणि ती गाणं म्हणत होती, मामा."

मग त्या कपडेपटात गेल्या आणि शिंप्याची मोठी कात्री घेऊन आल्या. ती मामींच्या हातात दिली.

"सरळ कापा. वेडंवाकडं कापलेलं मला चालत नाही."

मला खाली उतरवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी आडवा झालो. मामांनी एक टोक धरलं, बाईंनी दुसरं, आणि मामींनी कात्री घातली. दुखलं का, असं विचारू नका. कापताना मामा माझ्याकडे बघत नव्हते, एवढंच सांगतो. पहिला तुकडा मामांनी घातलेल्या टाक्यांचा, मधला. मी त्यातच राहिलो. इतकी वर्षं माझे दोन भाग शेजारी असून जोडलेले नव्हते. जोडल्यावर कळलं की तिथेच आपला जीव आहे.

खांबांमधून दोऱ्या बांधल्या, नाट्यगृहभर तांबड्या खोल्या उभ्या राहिल्या. मधला तुकडा धाकटीच्या वाट्याला आला. मागच्या भिंतीत एक खोलगट जागा होती, तिथे तिन्ही बाजूंना भिंत आणि चौथ्या बाजूला मी. ती आत गेली. माझी कड उचलून पाहिली, सोडली, पुन्हा उचलली.

"पडद्याला कडी नसते," ती म्हणाली.

ते खरं होतं. घरात दार वाजवायची सवय असलेली माणसंही कापड दिसलं की हात घालून बाजूला सारतात. कापड वाजवणार कसं?

दुपारी मामा तिच्यासाठी पेज घेऊन आले. माझ्यासमोर उभे राहिले. एका हातात वाटी. दुसरा हात वर गेला, मखमलीशी थबकला आणि खाली आला. मग ते खाकरले आणि तोंडानेच म्हणाले, "टकटक."

"टकटक," मामा पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.

"कोण आहे?"

"मी. पेज आणलीय."

"थांबा. बाळ पितंय."

"थांबतो."

आणि ते थांबले. पेजेवर साय धरली तरी थांबले. नर्सबाई घाईने आली आणि मला बाजूला सारायला लागली, तर मामांनी तिच्या हातापुढे वाटी धरली. "टकटक म्हणा आधी."

"अहो, मी नर्स आहे."

"मग हळू म्हणा."

आत धाकटी हसली. टाळ्या पडल्या त्या दिवसानंतर तिचं हसू मी प्रथमच ऐकलं. ती दुपार गेली, दुसरी गेली, आणि धुणं नळावरच ओलं झालं. वरच्या घराची वाट तिने धरली नाही.

ती टकटक मग सगळीकडे पसरली. पोरांनी तर वात आणला, येता-जाता प्रत्येक पडद्याशी टकटक. सेनापतीच्या अंगरख्यातले आजोबा आतून ओरडायचे, "या या, दार उघडंच आहे." दोन जावा कडाकडा भांडल्या, अबोला धरला, आणि शेवटी मोठी जाऊ लहान जावेच्या पडद्याशी जाऊन इतकंच म्हणाली, "टकटक." पण कुणी न विचारता आत शिरलं नाही. लोक कपडे बदलू लागले, एकमेकांच्या पाठीला तेल लावू लागले, काही जण तर मोकळेपणाने रडले. गेलेल्या माणसांसाठी रडायला त्यांना तोवर जागाच मिळाली नव्हती.

मी त्या दिवसांत पूर्ण वेळ मिटलेला होतो, आणि कशाचीही वाट पाहत नव्हतो.

पुढे रस्ता जोडला गेला, धाकटीचा नवरा आला. तोही पडद्याशी थांबून टकटक म्हणाला, कारण बाहेर बसलेल्या त्याच्या आईने त्याला आधी म्हणायला लावलं. हळूहळू लोक पत्र्याच्या खोल्यांत राहायला गेले, काहींची घरं दुरुस्त झाली. आणि गंमत म्हणजे वरचं ते भेगेचं घर पडलं नाही. माती सरकायची थांबली. भेग बुजवली, टेकू दिले, घर आजही उभं आहे म्हणतात.

"म्हणजे उगाचच फाडला की पडदा," कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला. "डोंगर कुठे आला पुढे?"

मामा बशीत चहा ओतत होते. "डोंगर येईल म्हणून नव्हता कापला," ते म्हणाले. "बाळाला भूक लागली होती म्हणून कापला."

नाट्यगृहाला दुसरा पडदा आलेला नाही. बाईंनी नाटकं थांबवली नाहीत. दिवे मालवतात, अंधारात नट येऊन उभे राहतात, दिवे लावतात. ते बटण मामांकडे आहे. "उभी हयात दोरी ओढली, कधी कुरकुर नाही. आता एक बोट टेकवतात आणि म्हणे दमलो," मामी सांगत असतात.

आम्हा तुकड्यांना मामींनी धुऊन, घड्या घालून ठेवलं. तेव्हापासून कुठे पूर आला, आग लागली, जमीन हलली, की आम्हाला बोलावणं येतं. मी शाळांच्या वर्गांत टांगला गेलो, धान्याच्या कोठारात टांगला गेलो. रंग विटलाय. एका कडेला उंदराने कुरतडलंय. मामांचे टाके अजून सुटलेले नाहीत.

तुमच्याकडे एक मागणं आहे. घर गमावलेली माणसं तुमच्या दारी आली की तुम्ही त्यांना अन्न देता, पांघरूण देता, औषध देता. देतच राहा. पण त्यासोबत एक दोरी बांधा आणि तिच्यावर काहीतरी टाका. जाड चादर चालेल, ताडपत्री चालेल, पोत्यांचं ठिगळ चालेल. माणसाचं घर जातं तेव्हा नुसतं छप्पर जात नाही. कुणी बघत नसतानाचं त्याचं जगणं जातं. ते त्याला ताटात वाढता येत नाही. त्याला ते देऊन आपण बाहेर थांबायचं असतं.

सध्या मी एका मोठ्या वखारीत आहे. नदीकाठच्या वस्तीतली माणसं इथे उतरली आहेत. माझ्याआड कोणीतरी आहे. कोण आहे, काय करतंय, ते मला माहीत आहे. उभं आयुष्य मी दाखवण्यात घालवलं, म्हणून तुम्ही विचाराल, जरा सांग की.

नाही सांगणार.